पातेलं हेमांगीकडे

“मोठं पातेलं?”

“हेमांगीकडे. घासतेय.”

“म्हणजे आहे. कर खूण.”

हे बोलणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, म्हणून तर निर्धास्त राहिले. मी तळ्याकाठच्या स्वच्छतागृहामागे, नळाखाली उकिडवी बसून पातेलं घासत होते. सबनिसांचा आवाज झाडीपलीकडून येत होता. तो आवाज आल्प्सपलीकडेही जात असणार, पण तिकडून कधी कुणी तक्रार केली नाही.

उपेंद्र सबनीस म्हणजे म्युनिकमधल्या आमच्या शनिवारांचे मालक. कंपनीत ते प्रोजेक्ट मॅनेजर होते आणि सोमवार ते शुक्रवार जे कुणी त्यांचं ऐकत नसे, त्याचा सगळा वचपा ते शनिवारी आमच्यावर काढत. सहलीला निघताना यादी, परतताना यादी. बेचाळीस वस्तू. चटया तीन, सुरी एक, लोणच्याची बरणी एक, अगदी कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा दोन नग. सबनीस पुकारत आणि कौस्तुभ तगारे पेन्सिलीने खुणा करी. चार वर्षांत आमचा एक चमचा हरवला नव्हता. “आपल्या लोकांना शिस्त नाही असं म्हणतात ना, त्यांना हे दाखवा,” असं सबनीस दर शनिवारी म्हणत. दाखवायला कुणी नसायचं, म्हणून आम्हीच बघायचो.

आम्ही म्हणजे तीन घरं. सबनीस, त्यांच्या पत्नी शर्मिलावहिनी आणि मुलगी. कौस्तुभ, त्याची बायको प्रियंवदा आणि तिच्या कडेवरचं बाळ. आणि मी, हेमांगी मांडके, माझा नवरा अभिराम. मांडक्यांचं या मंडळातलं स्थान काय, तर आमच्याकडे मोठं पातेलं होतं. लग्नात आईने दिलेलं, आठ माणसांची उसळ आरामात मावणारं. मी इचलकरंजीहून आले तेव्हा आईने त्यात माझ्या साड्या भरून ते बॅगेत बसवलं होतं. काठावर नाव घातलेलं: चि. सौ. कां. हेमांगी हीस आई-बाबांकडून. जर्मनीत पातेली मिळत नाहीत अशी तिची समजूत होती. मिळतात, पण त्यांच्यावर नाव घालून देत नाहीत.

दोन हजार चौदाचा जून. त्या दिवशी पातेल्यात मटकीची उसळ होती आणि वरती आमच्याकडचा लालभडक कट. आल्प्सच्या पायथ्याशी, आल्गॉय भागातल्या हिरव्यागार कुरणात, गाईंच्या साक्षीने, आम्ही मिसळ खाल्ली. खाऊन झाल्यावर पुरुषमंडळी पोट धरून आडवी झाली. निसर्गाचा आस्वाद घेणं म्हणतात त्याला. कटाचं तेल थंड पाण्याने निघतं का कधी? हात लाल झाले तरी पातेलं आपलं बुळबुळीतच. पण मी मन लावून घासत होते, कारण मला घाई नव्हती. उलट मी खूश होते. येताना गाडीत आम्ही दोघंच बसणार होतो.

त्याचं असं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मला केम्प्टनच्या एका दूध-चीज तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून पत्र आलं होतं. नोकरी. सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करून चार वर्षं मी म्युनिकच्या स्वयंपाकघरात फक्त विरजणातले जिवाणू सांभाळत होते. अर्ज पाठवून पाठवून थकले, रात्रीच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकले, आणि शेवटी हे एक पत्र. गाव आगगाडीने दीड तासावर, याच आल्गॉयमध्ये. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं, शुक्रवारी घरी यायचं. सोमवारी दुपारी बाराच्या आत होय किंवा नाही कळवायचं होतं.

अभिराम नाही म्हणाला नव्हता. तो कधीच कशाला नाही म्हणत नाही, इतका गुणी. तो “बघू” म्हणतो. पत्र आलं त्या दिवशी म्हणाला, “वा, मस्तच. बघू.” दुसऱ्या दिवशी विचारलं तर, “आत्ता डोकं चालत नाही गं, शनिवारी निवांत बोलू.” पहिला शनिवार सबनिसांनी साल्झबुर्गला नेला. दुसरा मिठाच्या खाणीत. खाणीतल्या घसरगुंडीवर मी त्याच्या मागे बसले होते, तिथेही एकदा विषय काढला. तो घसरून गेला. तिसरा शनिवार हा.

म्हणून त्या सकाळी मी दारातच अडवलं. “अभिराम, सोमवारी बारा वाजता मुदत संपतेय.”

“येताना गाडीत आपण दोघंच बसू. तेव्हा ठरवूनच टाकू. नक्की.”

“नक्की?”

“अगं, नक्की म्हणजे नक्की.”

मी शर्मिलावहिनींनाही सांगून ठेवलं, “वहिनी, येताना मी तुमच्या व्हॅनमध्ये नाही हं. मला अभिरामशी जरा बोलायचंय.” त्या डोळे मिचकावून म्हणाल्या, “अजून बोलता का तुम्ही? बरंय.” आणि मी पर्स तेवढी त्यांच्या व्हॅनमध्ये टाकली, कारण आमच्या गाडीत चटया होत्या.

तर पातेलं एकदाचं लख्ख झालं. उपडं करून पाणी निथळवलं, झाकण काखेत मारलं, पातेलं डोक्यावर धरलं आणि झाडीतून बाहेर आले.

गाड्या नव्हत्या.

पहिली पाच मिनिटं मी हसत उभी होते. कौस्तुभला असल्या गमती सुचतात, कुठेतरी लपून बघत असतील, तर आपला चेहरा बरा दिसावा म्हणून. रिकाम्या वाहनतळाकडे बघून, डोक्यावर पातेलं धरून, मी हसत होते. मग पाय दुखले तशी पातेलं उपडं घातलं आणि त्यावर बसले. आमची जागा अगदी स्वच्छ होती. केळ्याचं साल नाही, कागदाचा कपटा नाही. कचऱ्याच्या पिशव्या दोन नग नेल्या होत्या.

अर्ध्या तासाने मला सगळं उमगलं. पातेलं हेमांगीकडे, म्हणून पातेल्यापुढे खूण. आणि हेमांगी कुणाकडे? तो रकानाच नव्हता. व्हॅनवाल्यांना वाटलं मी नवऱ्याच्या गाडीत, नवऱ्याला वाटलं मी व्हॅनमध्ये. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो मीच. मग मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, चांगलं हुंदके देऊन रडले. फार अपमान वाटला. आपण हरवलो याचा नाही, आपण हरवलेलं कुणाला कळलंही नाही याचा.

तिथे आइसक्रीम विकणारी एक टपरी होती. टपरीतली बाई बाहेर आली. साठी उलटलेली, अंगाने दणकट, ॲप्रनला हात पुसत. फ्राउ ब्रुनर, म्हणजे ब्रुनरबाई.

“काय झालं?” तिने विचारलं.

“माझी माणसं मला विसरून गेली.”

माझं जर्मन मोडकंतोडकं होतं. इथे मराठीत लिहिताना ते उगाच शहाणं दिसतंय.

“आणि हे?” तिने पातेल्याकडे बोट दाखवलं.

“हे पण.”

“हे महाग असेल. येतील परत,” ती म्हणाली, आणि मला आत नेऊन कॉफी दिली. “फोन करा घरी.”

मला एकही नंबर पाठ नव्हता. म्हणजे दोन होते. एक इचलकरंजीचा, आईचा. तिला कळवावं तर ती बिचारी तिथे बसून देव पाण्यात घालणार. दुसरा माझा स्वतःचा. तोच लावला. फोन पर्समध्ये, पर्स व्हॅनमध्ये, व्हॅनमध्ये दोन शहाण्या बायका, कुणीतरी उचलेलच. तीनदा लावला, तीनदा वाजून वाजून बंद पडला. नंतर कळलं की त्या दोघींनी ऐकला होता. पण दुसऱ्याची पर्स उघडायची नाही अशी शर्मिलावहिनींची शिकवण. आम्ही सुसंस्कृत माणसं. “पर्स इथेच टाकून गेली बघ,” असं त्या प्रियंवदाला म्हणाल्या म्हणे, “मुलखाची विसराळू आहे ही हेमांगी.”

फ्राउ ब्रुनरने दुसऱ्यांदा कॉफी ओतली. “तुम्ही काय करता?”

“नवरा इंजिनियर आहे,” मी सवयीने म्हणाले.

“तो तर गेला ना. इथे कोण बसलंय त्याचं विचारतेय.”

मग मी तिला सांगितलं. शिक्षण, अर्ज, केम्प्टन, पत्र, सोमवार दुपारी बारा. क्रियापदं चुकली, पण बाई ऐकत होती. चार वर्षांत मला कुणी इतकं सलग बोलू दिलं नव्हतं. ती हसायला लागली. “ती प्रयोगशाळा? अहो, माझ्याकडे चौदा गाई होत्या. तीस वर्षं माझं दूध तिथेच तपासलंय. एकदा नापास केलं होतं मेल्यांनी.” मग तिने सरळ विचारलं, “तुम्हाला जायचंय?”

मी उत्तर देणार होते की नवऱ्याशी बोलून बघते. तोंडापर्यंत आलं होतं. पण बोलायला नवरा नव्हता, आणि तो ज्या गाडीतून गेला त्याच गाडीत आम्ही बोलणार होतो.

“जायचंय,” मी म्हणाले.

“मग कळवून टाका.”

“आज शनिवार आहे.”

“गाई शनिवारीही दूध देतात,” ती म्हणाली आणि कपाटातून तेलकट वही काढून नंबर शोधू लागली.

फोन एका तरुण पोराने उचलला, पाळीवर असलेल्या. मी नाव सांगितलं, पत्राचा विषय सांगितला, आणि माझ्या तोंडून शब्द निघाले की मी येते. एक तारखेपासून येते. त्याने लिहून घेतलं, सोमवारी साहेबांच्या टेबलावर ठेवतो म्हणाला, ईमेलही पाठवून ठेवा म्हणाला, आणि शेवटी “स्वागत आहे” म्हणाला. मिनिटभराचं काम. त्यासाठी मी तीन आठवडे एका माणसाच्या मागे फिरत होते.

फोन ठेवला. या वेळी रडू आलं नाही. फ्राउ ब्रुनरने टपरी बंद केली आणि माझ्यासाठी थांबून राहिली. आम्ही दोघी बाकावर बसून तळ्याकडे बघत होतो. तिथे बसल्यावर लक्षात आलं, तळं फारच सुंदर होतं. दिवसभरात मी पहिल्यांदाच बघत होते.

पावणेआठला आमची गाडी आली. अजून चांगलं ऊन होतं. अभिराम एकटाच उतरला. चेहरा पांढराफटक.

“हेमांगी, सॉरी गं. मला वाटलं तू वहिनींच्या गाडीत आहेस.”

“आणि वहिनींना वाटलं मी तुझ्या गाडीत.”

“हो ना. म्हणजे तसं बघितलं तर कुणाचीच चूक नाही.”

फ्राउ ब्रुनरला मराठी येत नव्हतं, पण तिने त्याच्याकडे असं काही बघितलं की तो माझ्यासाठी गाडीचं दार उघडायला धावला. तिने मला मिठी मारली आणि नोकरीला लागलात की कधीतरी टपरीवर कॉफीला या म्हणाली.

गाडीत बसले. पातेलं मांडीवर घेतलं. गाडी हमरस्त्याला लागली. आम्ही दोघंच एका गाडीत बसलो होतो, ठरल्याप्रमाणे.

“कधी कळलं?” मी विचारलं.

“घरी गेल्यावर. सबनीस आणि कौस्तुभ माझ्याच गाडीत होते. सामान उतरवताना. सबनीस यादी वाचत होते, मोठं पातेलं म्हणाले. कौस्तुभ म्हणाला हेमांगीकडे. मग ते म्हणाले, तिला आणायला सांगा.”

“मग?”

“मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.”

मी खिडकीबाहेर बघितलं. पातेलं नसतं तर त्या दिवशी मला रविवारपर्यंत कुणी शोधलं नसतं, हे माझ्या मनात आलं ते आलंच. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. सबनीस.

“अभिराम, पातेलं मिळालं का?”

“मिळालं.”

“झाकण?”

अभिरामने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. “झाकण पण आहे,” तो म्हणाला.

“छान. आणि हेमांगी ठीक ना?”

“हो, हो. तीही आहे.”

“बघ, वस्तूची नोंद असली की माणूस सापडतो,” सबनीस म्हणाले. त्यांना यादीचा विजय झाल्याचा आनंद झाला होता. अभिरामने घाईने फोन बंद केला.

“बोल,” मी म्हणाले.

“काय?”

“येताना गाडीत बोलू म्हणाला होतास. येतोय आपण.”

“आत्ता? तू दमली असशील गं. उद्या रविवार आहे, निवांत...”

“मी चार तास बसूनच होते, अभिराम. एक सांग. सबनीस आणि कौस्तुभ आपल्या गाडीत बसले कसे?”

“कौस्तुभला घराच्या कर्जाबद्दल बोलायचं होतं. सबनीस म्हणाले, चला, तिघं पुरुष एका गाडीत. आणि येऊन बसलेच.”

“तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“आज मी तुझ्याबरोबर बसणार होते, हे तुला ठाऊक होतं.”

“हो.”

“मग मी कुठे बसलेय, हे मागे वळून विचारलंस?”

“नाही.”

“का?”

पुढे एक दुधाचा टँकर चालला होता. अभिराम त्याला ओलांडू शकत होता, पण ओलांडत नव्हता. बराच वेळ त्याच्या मागे मागे गेल्यावर म्हणाला, “खरं सांगू? ते दोघं येऊन बसले तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, आजचं टळलं.”

तीन आठवड्यांतलं त्याचं ते पहिलं स्पष्ट उत्तर. माझा विसर पडला नव्हता तर. मला टाळलं होतं. विसरणारा माणूस एकवेळ परवडतो. डोकं एकदम स्वच्छ झालं, सगळा कट निघून गेलेल्या पातेल्यासारखं.

“आता टाळायची गरज नाही,” मी म्हणाले. “मी त्यांना कळवलंय. एक तारखेपासून जातेय.”

“कधी कळवलंस?”

“मघाशी. टपरीवरून.”

“मला न विचारता?”

“विचारलं होतं. खाणीतसुद्धा विचारलं होतं.”

त्याने तोंड उघडलं. तो बघू म्हणणार होता हे मला दिसत होतं. पण बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग तो म्हणाला, “पण पुढच्या शनिवारी सबनीस सगळ्यांना बोडेनझे तळ्यावर...”

“तू जा,” मी म्हणाले.

पुढचा आठवडाभर मंडळात माझ्या विसरले जाण्याची रीतसर चौकशी झाली. सबनिसांनी ‘घटनेची कारणमीमांसा’ म्हणून दोन पानी टिपण काढून सगळ्यांना पाठवलं. निष्कर्ष असा होता की भांडी घासायला जाणाऱ्या व्यक्तीने किती वेळ लागेल याचा अंदाज आधी द्यावा. शिवाय यादीत एक ओळ वाढवली. बेचाळिसाव्या ओळीत मोठं पातेलं होतंच, त्रेचाळीस: हेमांगी, एक नग. त्यांना वाटलं मी हरखून जाईन. शर्मिलावहिनी मात्र आल्या, दारातच माझा हात धरला आणि म्हणाल्या, “पर्स वाजत होती गं. मी उचलायला हवा होता.” एवढं एकच वाक्य. ते मी जपून ठेवलंय.

मग एक तारखेच्या आधीच्या शुक्रवारी सबनीस स्वतः आले. चहा घेतला. नोकरीबद्दल अभिनंदन केलं. निघताना चुळबुळ करत म्हणाले, “म्हणजे आता तू शनिवारी असणार नाहीस.”

“नाही, उपेंद्रदादा. एक शनिवार सोडून पाळी आहे. गाई शनिवारीही दूध देतात.”

“हं.” मग बूट चढवत, “आणि पातेलं?”

मी आत जाऊन पातेलं आणलं, झाकणासकट, आणि त्यांच्या हातात दिलं. अभिराम कोपऱ्यात उभा राहून बघत होता. त्याला वाटलं मी चिडून देतेय. मी चिडून नव्हते देत. एकट्या बाईला आठ माणसांचं पातेलं कशाला लागतं?

आता अकरा वर्षं झाली. केम्प्टनच्या त्या प्रयोगशाळेत मी विभागप्रमुख आहे. फ्राउ ब्रुनर दर ख्रिसमसला केक पाठवते. दीड वर्ष एकट्याने डबे खाल्ल्यावर अभिरामने विचारलं, मी तिकडेच नोकरी शोधू का, आपण एकत्र राहू. मी म्हणाले, “बघू.” त्याला तीन आठवडे तसंच ठेवलं. तो रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, आणि ते मला आवडायचं. मग हो म्हणाले. बरा आहे तो. आता विचारतो.

मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर मी अजून आहे, बाहेर पडायचं राहूनच गेलं. दर शुक्रवारी सबनिसांची यादी येते. त्रेचाळिसावी ओळ त्यांनी कधीच काढून टाकली, उगाच रिकामी राहायची. बेचाळिसावी आहे. मोठं पातेलं, आणि ओळखायला पुढे त्यावरचं नाव: हेमांगी. शनिवारी संध्याकाळी तीच यादी खुणा करून परत येते. माझ्या नावापुढची खूण आजवर एकदाही चुकलेली नाही.